काळजातला झिरपा

माझं काळीज मला लहानपणापासून ऐकू येतं. लोकांना वाटतं, मी काव्य करते. तसलं काही नाही. डाव्या कुशीवर वळले की उशीतून धबधब ऐकू येते, उजव्या कुशीवर वळले की आतून कोणी बरगडीला ढोसतंय असं वाटतं, आणि पालथी झोपले तर खाटच हलते आहे की काय अशी शंका येते. त्यामुळे जन्मात मी कधी एका कुशीवर टिकले नाही. माय म्हणायची, "हाई पोर खाटवर बी चालस."

आमचं गाव कळसाडी. काळी जमीन, कापूस, थोडा ऊस, आणि वडिलांची, म्हणजे आबांची, मोटेची विहीर. घरात आम्ही दोघी बहिणी. मी थोरली. धाकटी माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि वासरासारखी दणकट. मी काटकुळी. दर हिवाळ्यात खोकला छातीत उतरायचा आणि संक्रांतीपर्यंत मुक्काम ठोकायचा. पाण्याची घागर घेऊन निघाले की अर्ध्या वाटेत बसावं लागे. माझी छाती डाव्या बाजूनं किंचित वर उचललेली होती आणि पोलक्याचं कापड तिथं सारखं उडत असे. धाकटी त्यावर तळवा ठेवून बसायची. एकदा तिनं फार गंभीरपणे विचारलं होतं, "तुन्ह्या आंगमा कोंबडी शे का वं?"

घरातल्या बायकांचं मत वेगळं होतं. आमची फुई, म्हणजे आबांची बहीण, विधवा होऊन माहेरीच राहायची. तिचं म्हणणं, काम दिसलं की हिचा जीव उडतो. कापूस वेचायला गेले तर एक ओळ वेचून संपायच्या आत मी बांधावर बसलेली असायची, हे खरंच होतं. बसून तरी स्वस्थ राहावं? तेही नाही. बसले की पाय हलवायचे, पाय थांबले की बोटं मोडायची. शेवटी शेतात हिचा उपयोग नाही म्हणून मला शाळेत घातलं. आमच्याकडे तेव्हा मुलीला शाळेत घालायला एवढं कारण पुरत असे.

मला सोळावं लागलं त्या वर्षी देवळाच्या पायऱ्यांवर घेरी येऊन पडले. नंदुरबारच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली आणि म्हणाले, सुरतेला न्या, तिथं आतलं दिसायचं यंत्र आहे. दुसरी मोठी लढाई सुरू झाली होती, गाड्यांना गर्दी असायची. आबांनी बैलगाडी जुंपली, तापीच्या उतारातून पलीकडे नेली आणि नंदुरबारला आम्ही सुरतेची गाडी धरली. मी पहिल्यांदा आगगाडीत बसले होते. खिडकीबाहेर बघायचं सोडून मी सारा वेळ आबांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते मुद्दाम बाहेर बघत होते.

सुरतेचे डॉक्टर म्हातारे, गुजराती, सावकाश बोलणारे. त्यांनीही नळी लावली. श्वास घे म्हणाले, सोड म्हणाले, पुन्हा घे. पुढे मला कळलं ते असं की काळजाचे दोन ठोके असतात, आणि त्यातला दुसरा माझ्या छातीत फाटून दोन झालेला ऐकू येत होता. निरोगी माणसात श्वास सोडला की ते दोन तुकडे पुन्हा जुळतात. माझे जुळत नव्हते. मग त्यांनी मला एका काळोख्या खोलीत पाटीमागे उभं केलं. समोरच्या काचेवर हिरवट उजेड पडला असावा, कारण आबांची टोपी मला अंधुक दिसली. डॉक्टरांनी आबांना जवळ बोलावून काचेवर बोटानं काहीतरी दाखवलं. म्हणजे माझं काळीज आबांनी पाहिलं. मी नाही पाहिलं. परतीच्या वाटेवर मी खोदून खोदून विचारलं, कसं होतं? आबा एवढंच म्हणाले, "हालत व्हतं." याचा मला आजही राग येतो.

डॉक्टरांनी टेबलावर कागद घेऊन समजावलं. काळजात चार खण. वरचे दोन, खालचे दोन. फुफ्फुसातून धुऊन आलेलं रक्त वरच्या डाव्या खणात पडतं, तिथून खाली जातं आणि खालून सगळ्या अंगाला. वरच्या दोन खणांमध्ये एक पडदा असतो. माझ्या पडद्याला भोक असावं, असा त्यांचा अंदाज. धुतलेलं रक्त अंगाकडे जायच्या ऐवजी थोडं थोडं त्या भोकातून उजवीकडे पाझरतं आणि पुन्हा फुफ्फुसात जातं. उजवी बाजू तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलते, म्हणून ती फुगली आहे. फुफ्फुसात रक्ताची गर्दी, म्हणून खोकला. अंगाला मात्र तुटपुंजं, म्हणून दम.

आबा कागदाकडे बघेनात. त्यांनी समोरच्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलावर एक गोल काढला, त्याच्या काठाशी एक चौकोन, चौकोनातून निघालेली एक रेघ. "हाई इहीर. हाऊ थारोळा. मोट आठे रिती व्हस, मंग पानी दांडथीन वावरमा जास." मग त्यांनी चौकोनातून गोलाकडे बोट ओढलं. "थारोळाले भोक पडनं का पानी परत इहीरमा. बैले दिवसभर मोट वढतस, आनि वावर कोरडं." डॉक्टरांना निम्मं कळलं असेल, पण ते टेबलावरच्या ओल्या रेघांकडे बघत राहिले आणि म्हणाले, हो, असंच.

भोक शिवता येईल का, असं आबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, चालत्या काळजाला सुई लावणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, अशी माणसं जपून राहिली तर पुष्कळ जगतातही. पण हिचं लग्न केलंत तर मूल होईल, आणि पोटात मूल वाढताना काळजावर जो भार येतो तो हिला झेपेल याची हमी मी देणार नाही. भोक बुजलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

त्या शेवटच्या वाक्याला आबांनी घट्ट धरलं. मीसुद्धा. तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला, भोक बुजलं का? बुजलं तर माझं लग्न, घर, मूल. नाही बुजलं तर मी आहे तिथंच, माहेरच्या ओट्यावर. मला मूल हवं होतं, हे मी सरळच लिहिते. नवऱ्याचं चित्र माझ्या डोळ्यासमोर कधी धड उभं राहिलं नाही, पण मुलाचं राहायचं.

 परतीच्या गाडीत, व्यारा स्टेशन मागे पडल्यावर, आबा एकाएकी माझ्याकडे वळले. शेताला पाणी नेणारा नवा दांड खणला की तो आधी झिरपतो, हे तुला ठाऊक आहे ना, असं त्यांनी मला विचारलं. ठाऊक होतं. अशा वेळी शेतकरी दांडात गढूळ पाणी सोडतो. गाळ हळूहळू झिरप्याच्या तोंडाशी बसतो, चिकटतो आणि झिरपा आपोआप बुजतो. फावडं लावावं लागत नाही. "रगतबी घट्ट पाहिजे," आबा म्हणाले. "पातळ रगत पाझरस. चिकट व्हयनं का बसी जाई." त्यांच्या तोंडावर सुरतेहून निघाल्यापासून पहिल्यांदा जरा उजेड आला. ही चूक जन्मभर दांडाला पाणी देणाऱ्या माणसालाच सुचावी. आणि मला ती इतकी पटली की मी त्या डब्यात उठून उभी राहिले.

चिकट म्हणजे डिंक. पुढच्याच बाजारी आबा शहाद्याला गेले. सातपुड्यातून पावरा आदिवासी बायका धावड्याचा डिंक घेऊन उतरायच्या. आबा एकेक खडा तोंडात ओला करून दोन बोटांत दाबून बघत, बोटं सुटायला जितका वेळ लागेल तितका तो खडा चांगला. मायनं डिंक तुपात फुलवला, खारीक कुटली, खोबरं, गूळ घातला आणि लाडू वळले. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक. हिवाळा गेला, उन्हाळ्यातही बंद नाही. तोंडाला फोड आले तरी बंद नाही.

आता डिंकाचे लाडू आमच्याकडे कोण खातं? बाळंतीण. त्यामुळे गावातल्या बायकांना आयतंच मिळालं. विहिरीवर, ओट्यावर, हळदीकुंकवाला, जिथं जाईन तिथं. आमची फुई तर घरातच होती. लाडू माझ्या हातावर पडला की ती डोळे मिचकावून विचारायची, "कव्हय व्हयनी वं तू बाळंतीण? आमले सांगं बी नही!" सगळ्या हसायच्या. मी पण हसायची आणि लाडू चावायची, आणि मनात म्हणायची, थांबा, बघाच तुम्ही.

रोज सकाळी आबा गोठ्यात जाताना विचारायचे, आज कशी आहे धडधड? मी छातीवर हात ठेवून अंदाज घ्यायची. कमी वाटायची. मग जास्त वाटायची. दुपारी भाकरी थापताना हात छातीवर जायचा आणि पोलक्याला पीठ लागायचं. शाळेचं पुस्तक वाचताना एक हात पानावर आणि एक तिथंच. ठोका मोजायची, मध्येच एखादा चुकला की सगळा दिवस नासायचा. ज्या माणसानं पेरणी केली आणि रोज माती उकरून कोंब आला का बघितलं, त्याच्यासारखी माझी गत झाली होती. धाकटी वैतागून म्हणायची, "हात काढ वं तठून!"

एवढे लाडू खाऊन जे व्हायचं ते झालं. मी भरले. गाल वर आले, हातात बांगड्या रुतायला लागल्या, डाव्या बाजूची उडती छाती मांसाखाली दिसेनाशी झाली. बायका म्हणू लागल्या, पोर अंगाला लागली. आणि ब्राह्मणपुरीहून मागणं आलं. चांगलं घर, बागायती, मुलगा शिकलेला. ते लोक येऊन बघून गेले. मुलाची आई मायला म्हणाली, पोर कशी भरेल शे. निरोप आबांनी कळवायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला विहिरीवर घेऊन गेले. मोटेचे बैल त्यांनी सोडून बाजूला बांधले. विहिरीच्या काठापासून शेतापर्यंत बैलांच्या चालण्यानं झालेली उतरण असते, तिला धाव म्हणतात. बैल उतरतात तेव्हा मोट वर येते, मग त्यांनी मागे चढून यायचं. आबांनी मला धावेच्या वरच्या टोकाशी उभं केलं आणि म्हणाले, "चाल, माय. खाले जाय, आनि वर ये."

मला कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी काय बैल आहे? मुलाची आई मला उलटसुलट बघून गेली ती काय कमी होती? पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि निघाले. मी उतरले, चढले. उतरले, चढले. नवा बैल विकत घेताना आबा त्याला असाच चालवायचे आणि त्याच्या कुशीच्या खळग्याकडे बघत राहायचे. तशी त्यांची नजर माझ्या गळ्याच्या खळग्यावर होती. तिथली शीर उडत होती हे मला न बघता समजत होतं. मी तोंड मिटून नाकानं श्वास घेत होते. चढ संपता संपता कानात मोटेचं चाक कुरकुरायला लागलं, आणि मोट तर बंद होती. मग डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी धावेतच बसले. छातीत सगळं सुटं झाल्यासारखं उड्या मारत होतं.

आबा पण खाली बसले. बैल आमच्याकडे बघत रवंथ करत होते.

"नही बुजनं," आबा म्हणाले.

मी म्हणाले, "नही."

त्या दिवसापासून मी डिंकाच्या लाडवाला हात लावला नाही. माय बोलली, रडली, फुईनं अजिजी केली. नाही म्हणजे नाही.

आबा स्वतः ब्राह्मणपुरीला गेले आणि खरं ते सांगून आले. झाकून देता आलं असतं. गावात असं झाकून दिलेल्या मुली होत्या. आबांनी तिथल्या ओट्यावरही पाण्यानं तीच विहीर, तोच थारोळा काढला असणार, मला खात्री आहे. त्या लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, माणूस सरळ आहे, सोयरीक मोडायला नको. धाकटी असेल तर तिला द्या.

दिली. मला काय वाटलं? मत्सर वाटला, असा की तिच्या हळदीचं ताट मी हातात घेतलं आणि ते आपटावं की काय असं झालं. सुटल्यासारखंही वाटलं. आणि वरात गेल्यावर रिकाम्या घरात मी या दारातून त्या दारात इतक्या फेऱ्या घातल्या की आबांनी शेवटी दोन्ही दारं ओढून घेतली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात. लिंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला झोका कायमचा बंद होता, मी दरवर्षी ओट्यावर बसून बघायची. त्या वर्षी धाकटी आली आणि झोक्याकडे न जाता माझ्या शेजारी येऊन बसली. तिला दिवस गेले होते, तिलाही झोका बंद. म्हणाली, "दख, मी बी तुन्हासारखी बठेल शे." जन्मात पहिल्यांदा त्या ओट्यावर मला सोबत मिळाली. मी तिचा हात धरला आणि त्याच क्षणी मला भीती शिरली. काळीज माझं फुटकं आणि भीती तिच्यासाठी. सुरतेच्या डॉक्टरांचे शब्द माझ्यासाठी होते, पण ते आता तिच्या पोटाभोवती फिरू लागले. ती बसली की मी विचारायची, दम लागतो का? ती हसली की विचारायची, छातीत काही होतं का? तिनं मला दोनदा हाकलून लावलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. कळा सकाळी सुरू झाल्या. सुईण आली, दार लागलं, फुई पाणी तापवत होती. मला आत घेतलं नाही, कारण मीच पडले तर दोघींना कोण बघणार. मी अंगणात फेऱ्या घालायला लागले. छातीतल्या ठोक्यांचा ताळच सुटला, दोन पटपट, एक गायब, मग तीन एकदम. तिथं थांबवेना म्हणून मी विहिरीवर गेले. आबा मोट हाकत होते. वावर कालच भिजलेलं होतं, पाण्याची काही गरज नव्हती. पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या कापसात चाललं होतं तरी ते हाकतच होते. मला बघून ते म्हणाले, "दमनी का?" मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, "बठ." मी बसले, उठले, पुन्हा बसले. बैल उतरले की आम्ही दोघं घराकडे बघायचो.

ऊन कलताना फुई धावत आली. मुलगी झाली होती. धाकटी धड होती.

आबांनी हातपाय धुतले, टोपी काढली आणि लेकीची विचारपूस करायच्या आधी नातीच्या छातीला कान लावला. कितीतरी वेळ. मग ते उठले आणि ओशाळून म्हणाले, "माले काय समजस? पन ठीक वाटस."

पोरगी मात्र रडकी निघाली. धाकटीजवळ रडे, मायजवळ रडे, झोळीत घातली तर अख्खा वाडा डोक्यावर घेई. पाचवी पुजून झाली त्या दुपारी धाकटी थकून गेली होती. मी म्हणाले, इकडे दे. मी भिंतीला टेकून बसले आणि तिला छातीवर पालथी घातली, डावीकडे, जिथं सगळा गोंधळ आहे तिथं. ती दोनदा हुंदकली. मग तिनं गाल टेकवला आणि झोपली. जिच्यापायी मला जन्मभर डोळा लागला नाही त्या धडधडीवर ती ढाराढूर झोपली. मी हलले नाही. पाय हलवला नाही, बोटं मोडली नाहीत. पाठीला मुंग्या आल्या तरी तशीच बसले.

तेवढ्यात माय बाळंतिणीचे लाडू घेऊन आत आली. आबांनी शहाद्याहून आणलेल्या डिंकाचे. तिनं एक धाकटीच्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे बघून ती थांबली. फुई दारात होती. तिनं तोंड उघडलं, आणि मी वाटच बघत होते तिच्या त्या प्रश्नाची. पण फुईनं पदरानं नाक पुसलं आणि ती बाहेर गेली.

माय माझ्यासमोर उकिडवी बसली. माझे दोन्ही हात पोरीच्या पाठीवर होते. तिनं लाडू मोडला आणि तुकडा माझ्या तोंडाशी धरला.

"खाय," ती म्हणाली. "आते तुले बी लागी."

मी खाल्ला.